हाकेचं नाव

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी गंगाधरपंत टिळकांना मुलगा झाला. नाव ठेवलं केशव. घराण्यातल्या पूर्वजाचं नाव पुढे चालावं, ही जुनी रीत. घरात मात्र मुलाला सगळे 'बाळ' म्हणत. अशी लाडाची नावं बहुतेक वेळा मुंजीपर्यंत टिकतात आणि मग आपोआप मागे पडतात. हे पडलं नाही. ते शाळेत गेलं, डेक्कन कॉलेजात गेलं, 'केसरी'च्या कचेरीत गेलं आणि राजद्रोहाच्या खटल्यांच्या कागदांवरही गेलं. जगाने त्यांना 'बाळ गंगाधर टिळक' म्हणूनच ओळखलं. माणूस मोठा झाला तसं लोकांनी 'बाळ'चं 'बळवंतराव' केलं, म्हणजे घरगुती नावालाच मानाचा पोशाख चढवला. त्यानंतर 'लोकमान्य' आलं. मूळचं केशव हे नाव आज चरित्रांच्या पहिल्या पानापुरतं उरलं आहे.

घरातलं नाव इतकं बलवान का ठरतं, याचं उत्तर मराठी घरांच्या जुन्या रीतीत आहे. मुलाला आजोबाचं किंवा पणजोबाचं नाव ठेवायचं आणि त्याच वेळी वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, असे दोन दंडक एका छपराखाली नांदत होते. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, बायकोने नवऱ्याचं घ्यायचं नाही, धाकट्याने थोरल्याचं घ्यायचं नाही. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाशी जुळणारा रोजचा शब्दसुद्धा काही बायका टाळत आणि त्याऐवजी दुसराच शब्द वापरत. नवऱ्याचं नाव वर्षातून चार-दोन प्रसंगी, तेही उखाण्यात गुंफूनच घ्यायचं. अशा घरात नातवाचं नाव जर आजोबाचंच असेल, तर सुनेने आपल्या पोराला हाक मारायची कशी? रागावायचं कसं? पोराला 'केशवा, मेल्या' म्हणणं म्हणजे घराण्यातल्या मोठ्यांना बोल लावण्यासारखं झालं. त्यावर तोडगा म्हणजे बाळ, बाबा, नाना, भाऊ, अण्णा, बापू, तात्या. ही नावं लाडाची दिसतात, पण त्यांनी अवघडलेल्या घरांची मोठी सोय केली.

पेशव्यांच्या घराण्यात हा प्रकार डोळ्यांसमोर मांडल्यासारखा दिसतो. या घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांचा मुलगा बाजीराव. बाजीरावाच्या मुलाचं नाव पुन्हा बाळाजी, आजोबाचंच. म्हणून त्याला नानासाहेब म्हणायचं. बाजीरावाचा आणखी एक मुलगा रघुनाथराव, तो दादासाहेब, लोकांच्या तोंडी राघोबादादा. या रघुनाथरावाच्या मुलाचं नाव पुन्हा बाजीराव. बाजीरावाचे भाऊ चिमाजी अप्पा यांचा मुलगा सदाशिवराव, तो भाऊसाहेब. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठी फौजेचं सेनापतिपद ज्याच्याकडे होतं, त्याच्यावरची बखर 'भाऊसाहेबांची बखर' म्हणून ओळखली जाते. तिच्या नावातही सदाशिवराव नाही, भाऊच आहे. त्या दिवसाच्या गोंधळाने मराठीला 'भाऊगर्दी' हा शब्द दिला आणि आजही बाजारातल्या रेटारेटीला आपण तो सहज लावतो. चुलत्या-पुतण्यांच्या घरातलं एक साधं नाव अशा रीतीने भाषेत कायमचं रुतून बसलं. पुढे पेशवाईचा कारभार सांभाळणारे बाळाजी जनार्दन भानू हेही आपल्याला ठाऊक आहेत ते नाना फडणवीस म्हणूनच. शेवटच्या लढायांतले बापू गोखले म्हणजे नरहर गणेश गोखले. १८५७ चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत आणि तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग. मराठ्यांच्या उत्तरकाळाचा इतिहास सनदांवरच्या नावांनी सांगायला गेलं तर अर्ध्या वाचकांना माणसं ओळखू येणार नाहीत.

घरातून ही नावं चव्हाट्यावर आली आणि तिथे त्यांना 'साहेब' किंवा 'राव' जोडला गेला. दादाचं दादासाहेब, अण्णाचं अण्णासाहेब, काकाचं काकासाहेब. संगीत नाटकाचा पाया घालणारे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर महाराष्ट्राला अण्णासाहेब म्हणून माहीत आहेत. साहित्यसम्राट न. चिं. केळकर तात्यासाहेब, नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर काकासाहेब. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली काढणारे धुंडिराज गोविंद फाळके दादासाहेब झाले. देशातला चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च सन्मान आज याच नावाने दिला जातो. पुरस्कार घेणाऱ्या किती जणांना धुंडिराज हे नाव माहीत असेल? भीमराव रामजी आंबेडकर लहानपणी घरात 'भिवा' होते आणि कोट्यवधी लोकांनी त्यांना 'बाबासाहेब' केलं. त्या हाकेत बाप आहे आणि साहेबही आहे. दिल्लीपर्यंत कायदेपंडित म्हणून गाजलेल्या माणसाला त्याच्या माणसांनी घरातलाच मानलं, हे त्या एका शब्दात कळतं.

बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात तर हे ठरवून केलं गेलं. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एका कुटुंबासारखं राहायचं, म्हणून शिक्षकांना नात्याची नावं दिली गेली. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तिथे काका झाले, विठ्ठल लक्ष्मण फडके मामा झाले. शाळा बंद पडली, पण काका कालेलकर आणि मामा फडके ही नावं दोघांना आयुष्यभर पुरली. पुढे गांधीजींच्या आश्रमात हे दोघे गेले तेव्हा तिथेही काका आणि मामाच राहिले. मला या गोष्टीत मराठी टोपणनावाचं मर्म दिसतं. ते माणसाचं वर्णन फारसं करत नाही. बोलवणारा आणि बोलावला जाणारा यांच्यात काय नातं आहे, ते सांगतं. म्हणून एकाच माणसाची पाच-सहा नावं सुखाने चालतात आणि कुणाचा घोटाळा होत नाही.

समजा गावात एक दत्तात्रय आहे. आई त्याला दत्तू म्हणते. शाळूसोबती दत्त्या म्हणतात आणि पन्नाशी उलटली तरी दत्त्याच म्हणतात. पुतणे दत्ताकाका म्हणतात. चावडीवर तो दत्तोबा असतो. भाचीच्या लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खाली, निमंत्रकांच्या यादीत तो दत्तात्रयराव म्हणून छापला जातो. बायकोच्या तोंडी त्याला नावच नाही, तो नुसता 'अहो' असतो. नातवंडं झाली की तो आबा होतो आणि मग घरातली मोठी माणसंही नातवंडांचं ऐकून त्याला आबाच म्हणायला लागतात. फाटकाबाहेरून कुणी 'दत्त्याऽऽ' अशी हाक दिली तर घरातल्या माणसांना न पाहताच कळतं, की हा शाळेतला कुणीतरी आहे, चहा टाकायला हरकत नाही.

या रूपांमागे पक्की व्यवस्था आहे. मोठं नाव पहिल्या एक-दोन अक्षरांवर तोडायचं, जोडाक्षर असेल तर ते सोपं करायचं आणि शेवटी एक प्रत्यय लावायचा. प्रकाशचा पक्या होतो, प्रमोदचा पम्या, सुरेशचा सुऱ्या, अविनाशचा अव्या, संतोषचा संत्या. 'प्र'मधला 'र' जातो, कारण लांबून मारायच्या हाकेला तो पेलवत नाही. 'ऊ' लावला की माया येते: गणू, सदू, विनू, यमू, शकू. मुलींच्या नावाला 'ई' लागते: सुमी, मंगी, गंगी. 'बा' लावला की माणूस वडीलधारा होतो, 'पंत' लावला की कारकुनी किंवा भिक्षुकी अदब येते, 'राव' लावला की मान. शाळेत हे व्याकरण कुणी शिकवत नाही, तरी पाच वर्षांचं मूल ते बिनचूक वापरतं. मास्तरांसमोर सुरेश, मैदानावर सुऱ्या.

'बा'ची थोरवी समजून घ्यायची तर संतांकडे जावं लागतं. ज्ञानदेवांना लोकांनी ज्ञानोबा केलं, तुकारामांना तुकोबा, चोखामेळ्याला चोखोबा. विठ्ठलाचा तर विठोबाही झाला, विठूही झाला आणि विठाईही झाली. देवाला एकेरी, तोडलेल्या, बायकी रूपात हाक मारण्याची मुभा वारकऱ्यांनी घेतली आणि कुणाला त्यात अवमान वाटला नाही. याच संतांनी अभंगाच्या शेवटी स्वतःची जी नाममुद्रा घातली ती मात्र उघडी, बिनप्रत्ययाची आहे: तुका, नामा, जनी, चोखा. कवी स्वतःला तुका म्हणतो, लोक त्याला तुकोबा म्हणतात. एका अक्षरात एकीकडे नम्रता आणि दुसरीकडे आदर, दोन्ही बसले. विसाव्या शतकात हीच परंपरा पुन्हा एकदा कामी आली. विनायक नरहरी भावे यांना आई 'विन्या' म्हणत असे. गांधीजींनी त्यांना 'विनोबा' केलं आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या रांगेत नेऊन बसवलं. माउली हे नाव तर याहून पुढे गेलं. मुळात ते ज्ञानेश्वरांचं. आज आषाढीच्या वाटेवर अनोळखी वारकऱ्याला वाट विचारायची, पाणी मागायचं किंवा गर्दीतून जरा सरकायला सांगायचं, तरी 'माउली' म्हणूनच. एका माणसाचं टोपणनाव लाखो लोकांनी एकमेकांना वाटून टाकल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता 'या' प्रत्ययाकडे. हा सगळ्यात निसरडा. मित्राने म्हटलेला गण्या आणि सावकाराने म्हटलेला गण्या यांत उच्चाराचा काही फरक नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात फार मोठा फरक पडतो. मित्राला उलट 'काय रे सुऱ्या' म्हणता येतं. सावकाराला म्हणता येत नाही. टोपणनाव प्रेमाचं की अपमानाचं, हे ओळखायची माझ्या मते ही एकच खात्रीची कसोटी आहे: उलट हाक मारता येते का? महाराष्ट्राच्या गावगाड्यात शतकानुशतकं खालच्या मानलेल्या जातींतल्या पांढऱ्या केसांच्या माणसालाही वरच्या जातीतलं पोर धोंड्या, सख्या, गोप्या म्हणत असे आणि त्या म्हाताऱ्याला त्या पोराला 'जी' म्हणावं लागत असे. नावाचा शेवटचा 'या' हा तिथे जातीचा हुकूम होता. दलित चळवळीने 'राव' आणि 'साहेब' ही संबोधनं आग्रहाने आपल्या माणसांसाठी वापरली, ती हौसेखातर नव्हे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्या-वस्त्यांत मुलांची नावं सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता अशी ठेवली जाऊ लागली, त्यामागेही हीच जाण होती. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्या आत्मकथनात दोन माणसं एकमेकांशी बोलतात, एक दया पवार आणि दुसरा दगडू मारुती पवार. माणूस एकच आहे. शहरातल्या सुशिक्षित दयाला गावाकडच्या दगडूची कहाणी ऐकायची आहे. नाव बदललं तरी दगडू संपलेला नाही, हे सांगायला लेखकाला पुस्तकाची सगळी रचनाच दोन नावांवर उभी करावी लागली.

दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी ही नावं मात्र सगळ्याच जातींत होती आणि त्यांच्या मागे बहुतेकदा प्रेमच होतं, घाबरलेलं प्रेम. आधीची दोन-तीन मुलं गेलेली असली की पुढच्या मुलाला मुद्दाम हलकं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही आणि मरणाचं लक्ष जाणार नाही, अशी समजूत. दगडासारखा टिको, केरासारखा दुर्लक्षित राहो. बालमृत्यू घरोघरी होत असत त्या काळात आईबापांच्या हातात याहून फारसं काही नव्हतं.

मुलींच्या वाट्याला आलेलं 'नकुशी' हे नाव याच जातीचं वाटेल, पण ते तसं नाही. तिथे मूल जगावं ही इच्छा नसून पुढची मुलगी होऊ नये ही इच्छा आहे. सिंधुताई सपकाळ यांचं लहानपणचं नाव चिंधी होतं, कारण मुलगी कुणाला नको होती. पुढे हजारो मुलांनी त्यांना 'माई' म्हटलं. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी नकुशा, नकुशी अशा नावांच्या २८५ मुलींचा एक समारंभ झाला. मुली चांगले कपडे घालून, वेण्या घालून आल्या होत्या. प्रत्येकीला नव्या नावाचं प्रमाणपत्र आणि एक छोटासा पुष्पगुच्छ मिळाला. कुणी ऐश्वर्या घेतलं, कुणी सावित्री, कुणी वैशाली. नावं त्यांनी निवडली होती. 'नकुशी, इकडे ये' ही हाक रोज शंभरदा ऐकत वाढलेल्या मुलीला आता वर्गात हजेरीला 'हजर' म्हणताना काय वाटलं असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. नाव ठेवणाऱ्याला ते एकदाच ठेवायचं असतं. ऐकणाऱ्याला जन्मभर ऐकायचं असतं.

बायकांच्या नावांची कथा एरवीही वेगळीच आहे. पुरुषाला जन्मभर एक नाव आणि भोवती दहा हाका. बाईचं मूळ नावच लग्नात बदलायचं. कल्याणची यमुना जोशी घराण्यात आली आणि आनंदी झाली. तीच पुढे १८८६ साली फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आलेली कुर्लेकरांची मुलगीही यमुनाच, ती रमाबाई झाली. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, लाडाने मनू. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं माहेरचं नावही मनकर्णिका, आणि त्याही मनूच. दोन मनू वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या काळात लक्ष्मी झाल्या. नवं नाव सासरचं, व्यवहाराचं. जुनं कुठे राहिलं? माहेरच्या दारात. आई, बाप, भाऊ, लहानपणीच्या मैत्रिणी एवढ्यांच्याच तोंडी ते उरायचं. ही माणसं एकेक करून गेली, की बाईला त्या नावाने हाक मारणारं कुणी राहत नसे. तिच्या मुलांनाही ते बऱ्याचदा ठाऊक नसायचं. पुरुषांच्या टोपणनावांनी बखरी आणि पुरस्कार भरले. बायकांची टोपणनावं त्यांच्याबरोबरच गेली. मला हे नुकसान फार मोठं वाटतं.

यात एक अपवाद फार बोलका आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं इतकं उघडं मराठीत तोवर कुणी लिहिलं नव्हतं. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर. पुस्तकावर वादळ उठलं आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या. खऱ्या नावाने हे पुस्तक काढलं असतं तर नोकरी आणि घर, दोन्ही ठिकाणी त्यांना तोंड द्यावं लागलं असतं. पुढे लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. तीन नावांपैकी पहिलं आईबापांनी दिलं, मधलं लेखणीसाठी घेतलं, तिसरं लग्नाने दिलं. वाचकांनी लक्षात ठेवलं ते मधलं.

मराठी कवींनी घेतलेली टोपणनावं एका ओळीत मांडली, तर हाकेतलं नातं तिथेही सुटलेलं दिसत नाही. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले, म्हणजे केशवाचा मुलगा. राम गणेश गडकरी गोविंदाग्रज झाले, धाकट्या गोविंदाचे थोरले भाऊ. विष्णु वामन शिरवाडकर कुसुम या बहिणीचे थोरले भाऊ म्हणून कुसुमाग्रज. प्रल्हाद केशव अत्रे विडंबन लिहायला बसले तेव्हा केशवकुमार झाले. जगाला कवी म्हणून सामोरं जायचं, तर नाव कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ असं घ्यायचं! वीर, सम्राट असं काही घ्यायला कुणाची हरकत नव्हती. २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, तो एका भावाच्या वाढदिवशी. त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना 'बालकवी' हे नाव १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिळालं. ते मात्र कौतुकाचं, बक्षिसासारखं. जयवंत दळवींचा 'ठणठणपाळ' वेगळ्या कामाचा होता. त्या बुरख्याआडून साहित्यातल्या बड्या माणसांना चिमटे काढता येत.

खेड्यात टोपणनावाचं काम आणखी रोकडं असतं. एका गावात सहा मारुती असले की पैलवान मारुती, मिलिटरीवाला मारुती, एस्टीतला मारुती असं म्हटल्यावाचून गत्यंतर नसतं. यातूनच पुष्कळशी आडनावं निघाली. एकबोटे, सातपुते, अष्टपुत्रे, सहस्रबुद्धे, बोबडे, काळे, गोरे ही कधीतरी कुणा एका माणसाला चिकटलेली वर्णनं असणार, हे ऐकताक्षणी कळतं. जोतीराव फुल्यांचं घराणं मूळचं गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय होता म्हणून लोक फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. विदर्भातल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांच्या हातात नेहमी फुटक्या मडक्याचं गाडगं असे, म्हणून ते गाडगेबाबा. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मातीच्या एका खापराला एवढा मान मिळाला तो त्या माणसाच्या झाडूमुळे आणि कीर्तनामुळे.

पण लंगड्या, बहिऱ्या, टकल्या, काळ्या ही नावंही गावाने आणि शाळेने तितक्याच सहजतेने वाटली. आमच्यात असं चालतंच, त्याला काही वाटत नाही, असं म्हणणारी माणसं नेहमी हाक मारणाऱ्यांतली असतात. शाळेच्या वर्गात असं नाव एकदा पडलं की मूल कधीकधी शाळाच नको म्हणतं. शिक्षकाने ते नाव स्वतः वापरलं तर वर्गाला परवानाच मिळतो. इथे गमतीचा प्रश्न नाही. ज्याला हाक मारायची त्याला ती नको असेल, तर ती बंद व्हायला हवी.

टोपणनाव आणि कागद यांचं मात्र अजूनही नीट जमलेलं नाही. राजकारणात ते जमून गेलं आहे. उमेदवाराला लोकांत रूढ असलेलं नाव मतपत्रिकेवर घालून घेता येतं आणि फ्लेक्सवर तर दादा, भाऊ, अण्णा, आबा यांचंच राज्य आहे. सामान्य माणसाला त्रास होतो तो सातबाऱ्यावर. तलाठ्याने जुन्या काळी गावात जे नाव ऐकलं ते लिहिलं: बाळू, नाना, बापू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ज्ञानदेव, आधारकार्डावर ज्ञानेश्वर, बँकेच्या पासबुकावर आणखी तिसरंच. माणूस हयात असेपर्यंत सगळं चालून जातं, कारण तलाठी ओळखतो, बँकेतला शिपाई ओळखतो. तो गेल्यावर वारस नोंदीसाठी मुलं जातात तेव्हा, सातबाऱ्यावरचा बाळू आणि मृत्यूच्या दाखल्यावरचा ज्ञानेश्वर ही एकच व्यक्ती, हे प्रतिज्ञापत्र करून, साक्षीदार आणून सिद्ध करावं लागतं. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असलेल्या बहिणीला वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागताना तर हे दुप्पट जड जातं. कागदपत्रांतला 'ऊर्फ' हा छोटासा शब्द अशा वेळी हजारो रुपये आणि कित्येक हेलपाटे वाचवतो.

म्हणून एवढं करा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कागदांवर कोणकोणती नावं आहेत ती एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहा आणि फरक असेल तर ती माणसं हयात असतानाच दुरुस्त करून घ्या, नाही तर 'ऊर्फ' टाकून घ्या. वंशावळ लिहिली असेल तर तिच्यात प्रत्येक नावापुढे घरात मारली जाणारी हाकही लिहा. आणि आजीला, आईला, काकूला त्यांचं माहेरचं नाव विचारा, लहानपणी त्यांना कोण काय म्हणायचं तेही विचारा. ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि लगेच लिहून ठेवा. पुरुषांची नावं कुठे ना कुठे नोंदलेली सापडतात. या नावांची नोंद तुम्ही केली नाही, तर दुसरं कुणी करणार नाही.